हत्तीच्या खोलीतले सहा डबे

अंबड, नाशिक
९ ऑक्टोबर २००३

मग फोन का ठेवलास?

खरं बोलणारा माणूस फोन ठेवत नाही, मनोज. तो भांडतो. मी सरळ विचारलं, शनिवारी डबे कोणी बंद केले? तू म्हणालास, "ते तूच सांग, सरू." वर म्हणालास की मीटिंगमध्ये आहे, आणि मागे कुकरची शिट्टी झाली. बंगळूरला मीटिंगमध्ये भात लावतात का?

या पत्रात तुला दादा म्हणणार नाही, आधीच सांगते. मेल करत नाहीये कारण तुझा मेल तुझ्या कंपनीतून जातो आणि तिथे कोण काय वाचतं ते तुलाही माहीत नसणार. इथला सगळा मेल माझ्या हाताखालून जातो. म्हणजे मेलवर किती विश्वास ठेवायचा ते मला चांगलंच कळतं. कागद बरा. उशीर झाला तर कुरिअरवाल्याला शिव्या घालता येतात.

आता सगळं लिहून काढते, म्हणजे नंतर "मला कळलंच नाही तुला काय म्हणायचं होतं" असं म्हणायला तू मोकळा राहणार नाहीस.

आमचा पंपांचा कारखाना. त्याच्या काचेच्या खोलीत एक मोठं मशीन, ज्याला शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे हत्ती म्हणतात. पगार, माल, डीलरच्या ऑर्डरी, सगळं त्याच्या पाठीवर. त्याला वेगळा एसी, वेगळी वायर, उचललेली फरशी. काही बिघडलं तर मुंबईहून माणूस येतो, भाग सिंगापूरहून येतो, आणि आम्ही झाकणाला हातसुद्धा लावायचा नाही. मी त्याची माहूत. नोकरीला लागल्यापासून हेच करतेय आणि चांगलं करतेय.

जुलैत, कुंभमेळ्याच्या गर्दीत, साहेबांनी माझ्या टेबलावर एक फाईल टाकली. "हत्तीच्या जागी सहा साधे सर्व्हर. ज्यांची मेमरी एमजी रोडवरच्या कुठल्याही दुकानात मिळते असले. वाचून सांग." वाचलं. शेवटच्या पानावर तुझं नाव.

मला फोन नाही. अण्णांना मनमाडला सांगणं नाही. सख्ख्या बहिणीच्या कारखान्यात तिचीच खुर्ची काढायला येतोस आणि मला ते छापील कागदावरून कळतं. तेव्हा विचारलं तर म्हणालास, "तुला आधी सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

ठीक. मग ट्रायल ठरली. महिनाभर डीलरच्या ऑर्डरी तुझ्या सहा डब्यांवर, बाकीचं हत्तीवर. अट तुझ्याच लोकांनी लिहिली: लेखी कळवल्याशिवाय एकही डबा बंद केला किंवा बंद पडला, तर ट्रायल नापास. वीस तारखेला रिपोर्ट. सही माझी. डबे पास झाले तर मार्चपर्यंत हत्ती जाणार, आणि साहेब हसत हसत म्हणाले तसं, हत्ती गेल्यावर माहूत कशाला पोसायचा.

दसऱ्याला मी मनमाडला होते. सोमवारी आले, आणि रोजच्यासारखं बघितलं की कोणतं मशीन सलग किती दिवस चालू आहे. हत्ती गेल्या वर्षीच्या गणपतीपासून चालू. आणि तुझे डबे? सहाच्या सहा शनिवारपासून. एकामागून एक, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून. शनिवारी खंडेनवमी होती. ऑफिसला सुट्टी, पण दसऱ्याच्या मुहूर्ताच्या ऑर्डरींचा सगळ्यात मोठा दिवस.

म्हणजे तुझे डबे भाराखाली कोसळले, आणि कोणीतरी गुपचूप उभे करून ठेवले. मी नाही बघणार असं वाटलं?

ड्यूटीवर तुमच्या कंपनीने ट्रायलसाठी इथे बसवलेला हुजैफा होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला काही सांगता येणार नाही, मॅडम." माहीत नाही असं नाही म्हणाला. फरक कळतो मला.

(खालची ओळ खोडलीय. कागद उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, लहानपणी करायचास तसा.)

सरिता


१३ ऑक्टोबर

तुझा एसएमएस मिळाला. "काही पडलं नाही. विश्वास ठेव." मी तीन पानं लिहायची आणि तू एवढंच.

आणि एसएमएस करून थांबला असतास तरी चाललं असतं. अण्णांना मध्ये घातलंस. त्यांनी कारखान्यात फोन केला, रिसेप्शनवर, आणि रेल्वेतून रिटायर झाले तरी ते फोनवर अजून स्टेशनवर बोलल्यासारखे बोलतात. सगळ्या ऑफिसने ऐकलं.

"सरू, तो म्हणतोय तुला तिकडं लावतो कामाला. बंगळूरला. भाऊबीजेच्या आत मिटवा हे."

"अण्णा, रिपोर्ट बाकी आहे. आता नोकरी देतोय म्हणजे काय देतोय ते कळतंय का?"

"अगं, वाफेची इंजिनं गेली तेव्हा आम्हालाही डिझेल शिकवलंच की. कोणी उपाशी मेलं नाही."

"तुम्हाला शिकवणारा तुमचा भाऊ नव्हता. आणि इंजिन पास की नापास ते तुम्हाला लिहायचं नव्हतं."

त्यावर म्हणाले, "ते खरंय. पण फोन ठेवतो, बिल येतंय." तुम्ही दोघं फोन ठेवण्यात सारखेच.

तर आता हे ऐक. तपास चालू आहे. हसू नकोस.

गेटवर चंदर असतो, वॉचमन. त्याला विचारलं, शनिवारी कॉम्प्युटरच्या खोलीत कोण कोण गेलं. तो म्हणाला, "हुजैफाभाई. आणि झुंबरबाई, झाडायला."

"भाईच्या हातात काही होतं?"

"पिशवी होती."

"पिशवीत काय?"

"आता ते मी कसं सांगू मॅडम. जड होती. गोल काहीतरी होतं आत."

"आणि बाहेर येताना?"

चंदरने बराच विचार केला. "बाहेर येताना हलकी होती. आणि ओली."

ओली. मनोज, डब्यांच्या खोलीतून ओली पिशवी का बाहेर येते? एसीचं पाणी गळलं असं म्हणशील. मी खोलीत जाऊन फरशी तपासली. कोरडी. मग डब्यांच्या तोंडाशी वाकून बघितलं. अटीप्रमाणे मला हात लावता येत नाही, पण बघायला बंदी नाही. तिसऱ्या डब्याच्या जाळीत काहीतरी पिवळं अडकलं होतं, पंख्याने आत ओढलेलं. वायरचा तुकडा वाटला. म्हणजे आतला भाग बदललाय. जड पिशवीतून नवा भाग आत गेला, म्हणून पिशवी हलकी झाली. ओली का, ते अजून जुळत नाही. जुळेल.

हुजैफा समोर आला की आता मान खाली घालतो. गेल्या महिन्यात हाच मुलगा मला हसत हसत डबे समजावून सांगायचा. "मॅडम, यात भारी काही नाही. भारी नसणं हीच गोष्ट आहे." मी म्हटलं होतं, स्वस्त माल विकणारे सगळे असंच बोलतात. तेव्हा तो हसला होता.

शेजारच्या टेबलावरच्या आशाताई मला हळूच म्हणाल्या, "सणाच्या दिवशी त्यालाच कशाला एकट्याला ठेवायचं? आपल्यातलं कोणी नसताना?" मी मान हलवली. मला तेव्हा तेच हवं होतं, कोणीतरी माझ्यासारखाच संशय घेणारं. पण जिन्यात आल्यावर आठवलं की त्याला ड्यूटी लावणारे आम्हीच. आम्हाला सगळ्यांना सुट्टी हवी होती आणि "त्याला कुठे दसरा आहे" असं म्हणून आशाताईंनीच त्याचं नाव घातलं होतं. मी तिथे बसले होते.

असो. संशय त्याच्यावर नाही, तुझ्यावर आहे. तो तुझा हात आहे.

बंगळूरची नोकरी नको. मी नाही म्हटलं म्हणून अण्णांकडून परत विचारूही नकोस.

सरिता


१७ ऑक्टोबर

खाली लिहिलंय ते उभ्याने वाचू नकोस. बस.

आज दुपारी चहाच्या वेळी झुंबरबाई माझ्याकडे आली. तिला वाटलं मी तिच्यावर रागावलेय, कारण चार दिवस मी खोलीची फरशी वाकून वाकून बघत होते.

"बाई, झाडण्यात काय चुकलं का माझं?"

"नाही मावशी."

"मग कुंकू सांडलेलं दिसलं व्हय? मी पुसलं होतं सगळं. त्या तिसऱ्या डब्यात झेंडूची पाकळी गेली ती मातर निघंना."

मी कप खाली ठेवला.

ती मोकळेपणाने सांगायला लागली. तिला त्यात लपवायचं काही आहे हेच माहीत नव्हतं. दर वर्षी खंडेनवमीला खाली कारखान्यात सगळ्या मशिनी पुसून, बंद करून पूजा होते, नारळ फुटतो. वरच्या खोलीत मात्र हत्ती बंद करता येत नाही म्हणून तिला काचेबाहेरूनच हळदकुंकू दाखवावं लागतं.

"आता चालत्या यंत्राला कुंकू लावायचं म्हंजे माणसाला पळता पळता आंघोळ घालायची. त्या दिशी यंत्राला इसावा द्यायचा असतोय, बाई. मला लय वाईट वाटतं हत्तीचं. कंदी बसलाच नाय तो."

यंदा खोलीत सहा नवे डबे बघून तिने हुजैफाला विचारलं, पोरा, हे तरी बंद होतात का?

"त्यो म्हनला, एकेक होतो मावशी, सगळे नाय. मी म्हनलं, एकेक तर एकेक. माझ्याकडं नारळ नव्हता, तर त्योच घेऊन आला बिचारा. पिशवीतच फोडला, पाणी त्यातच सांडलं, खोबरं मला दिलं."

गोल. जड. ओली.

मी हुजैफाला जिन्यात गाठलं. या वेळी त्याने मान खाली घातली नाही, सुटल्यासारखा बोलला.

"मॅडम, मालेगावला अब्बांची मागाची शेड आहे. खंडेनवमीला जॉबर लोक, माग दुरुस्त करणारे, मागांची पूजा करतात, माग बंद करूनच. पण अब्बा अख्खी शेड बंद नाही करू देत. नारळ पुढे सरकतो तसा एक माग बंद, आधीचा परत चालू. कापड थांबत नाही. लहानपणापासून तेच बघितलंय. मावशी बोलल्या आणि मला वाटलं, हे तर तसंच आहे. एक बंद करायचा, बाकीचे पाच त्याचं काम उचलतात."

"आणि अट?"

"अट दुसरा डबा बंद केल्यावर आठवली. पण तोपर्यंत मावशी तिसऱ्याला हळद लावत होत्या. त्यांना काय सांगणार, तुमचे तीन देव झाले, बाकीचे राहू द्या?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं तर ट्रायल जाते. कंपनीत सांगितलं तर नोकरी जाते. घरी सांगितलं तर अम्मी आठवडाभर हसते."

मी जागेवर आले आणि शनिवारच्या ऑर्डरी काढल्या. ट्रायलमधला सगळ्यात भारी दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डीलर लागोपाठ ऑर्डरी टाकत होते. त्यात एकेक करून सहाही डबे काढून घेतले, पूजा करून परत लावले, आणि एक ऑर्डर हरवली नाही, एक दुबार झाली नाही, नांदगावच्या डीलरचा फोन नाही. तो तर माऊस अडकला तरी फोन करतो. एवढी कडक परीक्षा घ्यायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. हत्तीवर असं करायचं मनात जरी आणलं तरी साहेबांना घाम फुटेल.

मला आनंद झाला नाही. मला ते पडायला हवे होते, मनोज. इतके दिवस मी पुरावा गोळा करत नव्हते, नवस करत होते.

आणि खरी गोष्ट अजून सांगितलेलीच नाही. मी हुजैफाला विचारलं, तुझ्या सरांना हे माहीत होतं का? तो म्हणाला, "डबे बंद झाल्याचं सरांना सोमवारी तिकडून दिसलं. का झाले ते नाही माहीत. मी सांगायला गेलो तर सर म्हणाले, राहू दे. माझ्या बहिणीने केलं असेल. तू काही बोलू नकोस, कोणी विचारलं तर सांगता येणार नाही म्हण."

तुझ्या बहिणीने.

"ते तूच सांग, सरू." मला वाटलं तू टाळतोयस. तू तर मला पकडत होतास. मी डबे पाडले, मग वर तुलाच फोन करून कोणी पाडले म्हणून विचारलं, अशी बाई आहे मी तुझ्या डोक्यात. मी तेव्हा मनमाडला होते, हे अण्णांना विचारायचंसुद्धा सुचलं नाही तुला. आणि मग मला पाठीशी घातलंस. मी न केलेली चोरी तू लपवलीस. विश्वास ठेव असं लिहिताना काय वाटत होतं रे तुला?

आता अटीप्रमाणे तुझे डबे नापास आहेत. लेखी कळवलं नव्हतं. मी एका ओळीत नापास लिहिलं तर त्यात खोटं काहीच नाही, आणि माझी खुर्ची राहते. हुजैफाची जाते. त्या ओळीचा कागद समोर आहे. अजून सही केली नाही.

हे पत्र टाकू की नको ते ठरत नाही. टाकते.

सरिता


२० ऑक्टोबर

आज रिपोर्ट दिला. कसा ते सांगते, कारण साहेब तुला त्यांच्या पद्धतीने सांगतील आणि त्यात मी असणार नाही.

परवा, शनिवारी, मी साहेबांना लेखी पत्र दिलं: खंडेनवमीला आमच्या पूजेसाठी डबे एकेक करून बंद केले गेले, आमच्याच माणसाच्या सांगण्यावरून, आम्हीच सुट्टीच्या ड्यूटीला लावलेल्या मुलाकडून. अट मोडली. म्हणून आज सकाळी, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू असताना, सगळ्यांसमोर तेच परत करून बघायचं. त्यावर पास की नापास.

सगळे आले. आशाताई, स्टोअरवाले, खालचे फोरमन. झुंबरबाई दारात उभी. साहेब म्हणाले, "बटणाने नको. बटणाने काय, ते नीट तयारी करून बंद होतं. वायर ओढा." हुजैफा पांढरा पडला. वायर मी ओढली. चालता डबा, आतला दिवा गेला. स्टोअरवाला दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगत होता, ऑर्डर येतेय, येतेय, थांबली, नाही, आली. एक थांबली होती, जितका वेळ माणूस शिंकायला थांबतो तितकी. मग दुसरा डबा ओढला, मग तिसरा. चौथ्याला साहेब म्हणाले पुरे.

मी म्हटलं, "आता हत्तीची ओढू?"

साहेबांनी हात आडवा धरला, रस्त्यात पोर आडवं आल्यावर धरतात तसा.

मी तिथेच सही केली. पास. वर लिहिलं की ज्या मशिनीची वायर ओढायची भीती वाटते तिच्यावर कारखाना ठेवू नये. ती ओळ साहेबांनी खोडायला सांगितली. खोडली नाही.

मग सगळे गेल्यावर साहेबांनी मला थांबवलं आणि ड्रॉवरमधून तुझा मेल काढून दाखवला. छापून ठेवला होता. सहा तारखेचा. 'सरिता माझी बहीण असल्यामुळे रिपोर्टवर दुसऱ्या कोणाची सही घ्यावी ही विनंती.' साहेब म्हणाले, "सभ्य माणूस आहे तुझा भाऊ. नात्याचा फायदा नको म्हणाला." मी म्हटलं, हो, सभ्य आहे.

सहा तारीख. ज्या सोमवारी तुला डबे बंद झालेले दिसले, तोच सोमवार. साहेबांना त्यात सभ्यपणा दिसतो. मला दिसतं की तुला माझी सही नको होती, कारण मी खोटं लिहीन अशी तुझी खात्री होती. की दोन्ही? मी विचार करतेय आणि जितका करतेय तितका कुकर ऐकू येतो.

राजीनामा दिलाय. मार्चपर्यंत थांब म्हणत होते, हत्ती बाहेर काढेपर्यंत. नको. मी चांगली सवय लावलेलं जनावर दुसऱ्याला नेताना बघणार नाही.

निफाडला एक द्राक्षं परदेशी पाठवणारा आहे. छाटण्या चालू आहेत, फेब्रुवारीत माल निघेल, तोपर्यंत त्याला प्रत्येक पेटी कुठल्या बागेतली ते कॉम्प्युटरवर हवंय. त्याच्याकडे दोन डबे आहेत, तुझ्या कंपनीचे नाहीत, एमजी रोडवर जुळवलेले. हत्ती त्याला या जन्मात घेता आला नसता, आणि माहूतही. मला म्हणाला, "मॅडम, एक बंद पडला तर?" मी म्हटलं, म्हणून तर दोन आहेत. तेव्हा लक्षात आलं की मी तुझ्यासारखी बोलतेय, आणि त्याचा राग आला.

हुजैफाला काढू नकोस. काढलास तर मी त्याला निफाडला घेईन आणि मग तुझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून फक्त पंपवाले राहतील आणि आमच्याकडे द्राक्षवाले येतील, सगळे एकेक करून.

तू आता फोन करशील. मला माहीत आहे काय म्हणशील. पाठीशी घातलं, लहान आहेस, अण्णांना त्रास नको, असं सगळं. खरंही असेल ते. पण आज तू काहीही सांगितलंस तरी मी त्यातून दुसरंच काही काढीन आणि माझ्या बोलण्यातून तूही काढशील. आपण दोघंही त्यात हुशार.

टेबल रिकामं केलंय. हा फोन आता आशाताईंकडे जाईल, त्या निफाडचा नंबर देणार नाहीत, मी सांगून ठेवलंय. चंदर गेटवरून हाका मारतोय, कुरिअरवाला एका पायावर उभा आहे आणि निफाडची बस पाच मिनिटांत आहे.

पाकीट चिकटवते. निघाले.